बेळगाव परिसरातील तळी आणि वन्यजीव यांवर हवामान बदलाचा परिणाम

बेळगाव-खानापूर भागातील तळी व वन्यजीव यांवर हवामान बदलाचा काय परिणाम होतो, असा आपला प्रश्न आहे. येथे पाऊस किती पडतो यापेक्षा तो केव्हा पडतो, हे अधिक महत्त्वाचे ठरते. ऑगस्ट 2019 मध्ये जिल्ह्याने महापूर पाहिला, तर 2023 चा जून बहुतांश कोरडा गेला आणि बेळगाव शहराचे डोळे त्याला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाकडे लागले.

पाणी तापले की त्यातील प्राणवायूही घटतो: 20 अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना मात्र जेमतेम साडेसात, म्हणूनच गाळाने उथळ झालेल्या गावतळ्यांत उन्हाळ्याच्या अखेरीस, विशेषतः पहाटे, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. (सांडपाणी आणि जलपर्णी यांचा दोष मात्र हवामानाच्या माथी मारता येणार नाही.)

गोकाकजवळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात येणाऱ्या करकोच्यांना उथळ काठ लागतो. अवकाळी पावसाने पाणी चढलेलेच राहिले, तर त्यांना उतरण्यास जागा उरत नाही. भीमगडच्या जंगलातील झरे लवकर आटले, तर गवे पाण्यासाठी शिवाराकडे वळतात.