टाचदुखी आणि शॉकवेव्ह: पॅकेजचे पैसे भरण्याआधी

निपाणीच्या भावाचा प्रश्न थोडक्यात असा: आई खानावळीत दिवसभर शहाबादी फरशीवर उभी. सात-आठ महिने टाच दुखतेय. एक्स-रे बघून 'हाड वाढलंय' असं सांगितलंय आणि आता शॉकवेव्हच्या, म्हणजे मशीननं टाचेवर बाहेरून ठोके देण्याच्या उपचाराच्या, पाच सिटिंगचं पॅकेज पुढं ठेवलंय. आई 'मला शॉक नको' म्हणून अडून बसलीय. घ्यावं का?

बेळगावात फिजिओथेरपी करत माझी बरीच वर्षं गेली. अशा टाचा रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आईची भीती घालव. यात करंट नसतो. आपल्याकडं बहुतेक क्लिनिकमध्ये रेडियल मशीन असतं. त्याच्या हँडपीसमध्ये हवेच्या दाबानं एक छोटा तुकडा पुढं येऊन आपटतो आणि तो हादरा जेल लावलेल्या कातडीतून आत जातो. टकटक आवाज येतो. एका सिटिंगला साधारण २००० ठोके, काम पाच-सात मिनिटांत आटोपतं. नेमक्या दुखऱ्या जागेवर हँडपीस आला की आई पाय मागं ओढणारच, तेव्हा दाब कमी करायला सांगायचं. दात-ओठ खाऊन सोसण्यात काही शौर्य नाही.

आता ते वाढलेलं हाड. हे तंत्र मूतखडा फोडण्याच्या मशीनवरून आलं. म्युनिकमध्ये १९८० साली पहिल्यांदा रुग्णाचा मूतखडा असा बाहेरून फोडला. त्यामुळं टाचेचं हाडही फुटून जाईल असं लोकांना वाटतं, आणि काही ठिकाणी तसंच सांगतातही. तसं होत नाही, व्हायची गरजही नाही. ते टोक असूनही अजिबात न दुखणारी माणसं ढिगानं आहेत. दुखतो तो टाचेपासून बोटांकडं जाणारा तळव्याचा जाड पडदा. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली चार पावलं जीव काढतात आणि मग जरा सैल होतं, असं असेल तर बहुधा तोच. ठोक्यांनी तिथली दुखण्याची जाणीव कमी होते आणि रेंगाळलेली दुरुस्ती परत सुरू व्हायला मदत होते. अमेरिकेत २००० साली टाचेसाठी याला मंजुरी मिळाली, म्हणजे हे काही काल-परवाचं फॅड नाही. पण फरक कळायला सहा ते बारा आठवडे जातात. दुसऱ्या सिटिंगला 'काहीच फरक नाही' म्हणून भांडू नका.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे: या महिन्यांत आईनं व्यायाम केला का? गोळ्या आणि मलम सोडून? नसेल तर पैसे थांबव. सकाळी पाय जमिनीला लावण्याआधी तो दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, बोटं हातानं मागं ओढायची, दहा आकडे मोजायचे, असं दहा वेळा. पोटरीचा ताण भिंतीला हात टेकून. आणि एक दिवसाआड पायरीवर, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, टाच सावकाश वर आणि सावकाश खाली. खानावळीत अनवाणी उभं राहणं बंद, मऊ तळाची चप्पल आत वापरायची. सोवळ्याचा प्रश्न असेल तर स्वयंपाकघरासाठी वेगळा जोड ठेवा.

दोन-तीन महिने हे नेमानं करूनही फरक नसेल तर शॉकवेव्ह जरूर घ्या, व्यायाम चालू ठेवून. मात्र रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा टाचेत गेल्या दीड महिन्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल, तर आधी सांगा. शुगर असेल आणि तळव्याला बधिरपणा असेल तर तेही. गरोदर बाईला हे देत नाहीत.

'याच मशीननं आईच्या गुडघ्याची झीज पण बरी करू' असं कुणी म्हणालं तर नाही म्हण. टाच, टेनिस एल्बो, खांद्यात साठलेलं कॅल्शियम, टाचेमागची शीर, यांसाठी याला बऱ्यापैकी आधार आहे. गुडघ्याच्या झिजेसाठी तेवढा नाही.

पाचचं पॅकेज एकदम भरू नको. आठवड्याला एक अशा तीन सिटिंग बहुतेकांना पुरतात, दर वेळी पैसे दे. निपाणीहून कोल्हापूर जवळ, खरंय. पण दर आठवड्याची खेप धरलीस तर बेळगावला जाणाऱ्या आपल्या कर्नाटकच्या साध्या सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, कोल्हापूरला मात्र पडतं. सिटिंग खानावळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी घ्या, कारण दुसऱ्या दिवशी टाच जरा जास्त ठणकते.