स्कॅन केलेला बायोडेटा आणि न येणारे बोलावणे

प्रश्न : मी इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर सहा वर्षे हिशेब पाहतो आणि आता पुण्यात नोकरी शोधतो आहे. छापील बायोडेटा स्कॅन करून नोकरीच्या दोन संकेतस्थळांवर टाकला, तरी कुठूनच बोलावणे येत नाही. शिवाय मालकांना हे कळेल अशी धास्ती वाटते. काय करावे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपली अडचण बहुधा स्कॅनमध्येच आहे. स्कॅन म्हणजे कागदाचे छायाचित्र. भरती करणारी व्यक्ती संकेतस्थळावर ‘टॅली’, ‘जीएसटी’, ‘पुणे’ असे शब्द टाकून उमेदवार शोधते आणि छायाचित्रातली अक्षरे त्या शोधात पुष्कळदा सापडतच नाहीत. संगणकावर आपली फाइल उघडा, त्यातला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच उमटले नाही किंवा जुन्या मराठी फॉन्टमुळे भलतीच अक्षरे दिसली, तर बायोडेटा नव्याने, मराठी मजकूर असल्यास युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरप्रणालीत, टंकलिखित करून त्याची पीडीएफ करावी.

दुसरे म्हणजे, केवळ ‘सहा वर्षे हिशेबनीस’ एवढेच लिहिले असेल तर आपण स्वतःवर अन्याय करीत आहात. सुताच्या व्यापारात आपण मालवाहतुकीसाठी लागणारी ई-वे बिले काढली असतील, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी ही विवरणपत्रे भरली असतील, महिनाअखेरीस बँकेचा ताळमेळ घातला असेल; हे सर्व स्वच्छ शब्दांत लिहावे आणि पदनाम ‘अकाउंटंट’ असे इंग्रजीत द्यावे, कारण शोध त्याच शब्दाने घेतला जातो.

मालकांविषयीची आपली धास्ती मी समजू शकतो. ‘नोकरी डॉट कॉम’वर ठरावीक कंपनीपासून आपली माहिती झाकून ठेवण्याची सोय आहे. ‘लिंक्डइन’वर मात्र ‘ओपन टू वर्क’ची, म्हणजे नोकरीच्या शोधात असल्याची, हिरवी चौकट छायाचित्राभोवती लावू नये, ती सर्वांनाच दिसते, केवळ भरती करणाऱ्यांनाच कळावे हा पर्याय तेथे निवडता येतो, पण त्यातही पूर्ण गुप्ततेची हमी नसते. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या, २०१५ साली सुरू झालेल्या ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ या संकेतस्थळावरही नोंदणी करावी. ती विनामूल्य आहे.

बायोडेटात आधार आणि पॅन क्रमांक, जात किंवा घराचा पूर्ण पत्ता देऊ नये. गाव, मोबाइल क्रमांक आणि ईमेल पुरेसे आहे. मुलाखतीआधीच नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा लॅपटॉपची अनामत मागणारा फोन आला, तर तो फसवणुकीचाच समजावा आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते.