बायपासला दहा दिवस झालेत. वडील झोपेत घोरतात, मधेच श्वास थांबतो. थकवा आहे की डॉक्टरांना सांगावं?

थकव्यावर ढकलू नका, उद्याच सर्जनच्या कानावर घाला. बायपासला दहा दिवस झालेत म्हणता, तर हे अंगावर काढण्याचे दिवस नाहीत.

मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात हार्टच्या पेशंटची फिजिओथेरपी करतो. "घोरणं तर त्यांचं लग्नापासूनचंच आहे जी," असं काकू हसत सांगतात, आणि भूल देण्याआधीच्या तपासणीत मात्र ते कुणी बोललेलंच नसतं!

घोरण्यापेक्षा मधली शांतता वाईट. छाती-पोट वरखाली होतंय, पण नाकातोंडातून हवा नाही, आणि मग एकदम मोठा हुंदका देऊन श्वास. हवा 10 सेकंद किंवा जास्त अडली की तो ॲप्निया. तासाला 5 पर्यंत चालतं, 30 च्या वर गंभीर. दर वेळी ऑक्सिजन उतरतो, बीपी उसळतं, हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो. ऑपरेशननंतर ठोके अनियमित होण्याची भीती तशीही असते. ॲप्नियावाल्यांत ती जास्त.

त्यात झोपेच्या आणि काही कडक वेदनाशामक गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो. छातीचं हाड जुळेपर्यंत उताणं झोपायचं, म्हणजे जीभ मागे सरकणार. म्हणून पाठीपासून उतार द्या. नुसता उशांचा ढीग नको, मान दुमडते. कुशीवर कधी वळायचं ते सर्जनला विचारूनच. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने तर अजिबात देऊ नका.

आज रात्री मोबाईलवर व्हिडिओ घ्या. चेहरा आणि पोट दोन्ही दिसू द्या, आणि तेवढा वेळ कूलर बंद ठेवा. नागपुरातले निम्मे व्हिडिओ कूलरच्या घरघरीमुळेच वाया जातात. तो पाहून डॉक्टर स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी, सांगतील. ती घरीही होते.

शेजाऱ्यांचं सीपॅप मशीन (मास्कमधून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं) मात्र उसनं आणू नका. हृदयाचं पंपिंग कमी असलं तर कधी कधी घसा मोकळा असूनही मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम येत नाही. तो प्रकार वेगळा, आणि अशा पेशंटना एका जातीचं मशीन घातक ठरल्याचं 2015 च्या मोठ्या चाचणीत दिसलं. कोणतं मशीन, किती प्रेशर, हे तपासणीनंतरच ठरतं.

ओठ निळसर दिसले, हलवूनही धड जागे होईनात, छातीत दुखलं किंवा धडधड थांबेना, तर व्हिडिओ वगैरे काढत बसू नका, सरळ 108 लावा.