‘ग्लूटेन-फ्री मिळेल’ म्हणाले, आणि आता हमीपत्रावर सही मागतात

प्रश्न: आम्ही नाशिकला राहतो. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन तिला चालत नाही. टीटीजी ही रक्ततपासणी आणि बायोप्सी करून निदान झालंय. मुंबईहून निघणारी चार रात्रींची क्रूझ बुक केली आहे. आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई असे चौघं जाणार आहोत. पैसे भरण्याआधी एजंटला व्हॉट्सॲपवर जेवणाचं विचारलं, तेव्हा त्याचं उत्तर होतं, ‘हो मॅडम, ग्लूटेन-फ्री मिळेल, टेन्शन नको.’ 1,86,000 रुपये भरले. आता निघायला 26 दिवस उरलेत आणि कंपनीचा फॉर्म आलाय: ग्लूटेन-फ्रीची हमी नाही, त्रास झाल्यास कंपनी जबाबदार नाही, बाहेरचं खाणं आणायचं नाही. एजंट म्हणतो सही करा, नाहीतर कॅन्सल करा. निम्मे पैसे कापले जातील. काय करू?

उत्तर: आधी दोन गोष्टी थांबवा. फॉर्म आहे तसा सही करून पाठवू नका. आणि एजंटला ‘कृपया कॅन्सल करा’ असं लिहू नका. हे एक वाक्य गेलं की कंपनी म्हणणार, ग्राहकाने स्वतःच्या मर्जीने सहल रद्द केली, म्हणून कपात. तुमची बाजू वेगळी आहे: नेमका प्रश्न विचारून, मिळालेल्या उत्तरावर विसंबून तुम्ही पैसे भरलेत, आणि ते उत्तर चुकीचं निघालं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 18 प्रमाणे, पुरेशी माहिती नसताना ठामपणे केलेलं चुकीचं विधान हे ‘मिसरिप्रेझेंटेशन’ म्हणजे दिशाभूल ठरतं, बोलणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी. कलम 19 खाली असा करार तुम्ही नाकारू शकता. एजंट कंपनीच्या वतीने बुकिंग घेत असेल तर कलम 238 प्रमाणे त्याचं बोलणं कंपनीवरही येतं. तो कुणाचा एजंट यावर ते दोघं वाद घालतील. म्हणून नोटिशीत आणि तक्रारीत दोघांनाही पक्ष करा.

पण एक अडचण आहे. खरं काय ते कळल्यावरही तुम्ही जहाजावर चढलात, तर करार मान्य केलात असं धरलं जाईल. सगळे पैसे परत मागायचे असतील तर ते जाण्याआधीच.

यासाठी तुमचा पुरावा म्हणजे ते व्हॉट्सॲपचं उत्तर. त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसण्याची सोय चालू असेल तर आत्ता बंद करा. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करा. एजंटचा नंबर, तारीख आणि वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत तितका काटेकोर नसतो, तरी ते जोडा, म्हणजे आक्षेपाला जागाच उरत नाही.

आता आज जायला हवा असा ईमेल, कंपनी आणि एजंट दोघांना. ‘ग्लूटेन-फ्री मिळेल का?’ असं पुन्हा विचारू नका, त्याला कुणीही ‘हो’ म्हणतं. नेमकं विचारा. मुलीचं जेवण वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या तव्यावर होईल का? बटाट्याचे काप ज्या तेलात तळणार, त्यातच रवा लावलेले मासे किंवा ब्रेडचे पकोडे तळले जातात का? डाळीच्या फोडणीत कोणता हिंग आहे? (बाजारातल्या बऱ्याच हिंग पावडरींत गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. साधा वरण-भात निर्धोक समजणारे आईबाप इथेच फसतात.) सोया सॉस कोणता? ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून जे पाकीटबंद पदार्थ देणार, त्यांवर तसं लेबल आहे का? आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार त्यासाठी मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लूटेनची आहे. दुसऱ्या दिवशीचं जेवण आदल्या संध्याकाळी कुणाकडे सांगायचं, त्याचं पद काय? मुलांच्या खेळघरात खाऊ वाटतात का? उत्तरासाठी तीन दिवसांची मुदत द्या.

सोबत डॉक्टरांचं ताजं पत्र जोडा, लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह. त्यात तीन वाक्यं हवीतच: हा आवडीनिवडीचा प्रश्न नसून आजार आहे आणि पथ्य आयुष्यभराचं आहे, गव्हाच्या पिठाचा चुकून झालेला स्पर्शही चालत नाही, मुलीसाठी स्वतंत्र खाणं सोबत ठेवणं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. तिसरं वाक्य ‘बाहेरचं खाणं मना’ या नियमासाठी आहे. क्रूझ कंपन्या घरी शिजवलेल्या अन्नाला सहसा नाही म्हणतात, पण बाजारातली न उघडलेली पाकिटं आगाऊ विचारल्यास बऱ्याचदा चालतात. परवानगी लेखी घ्या, छापून जवळ ठेवा आणि खाऊ हातातल्या बॅगेत ठेवा, कारण तपासणीला दिलेलं सामान खोलीत पोचायला काही तास लागतात. इलेक्ट्रिक कुकर नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात.

उत्तर समाधानकारक आलं आणि जायचं ठरलं, तर फॉर्मवरचं ‘कंपनी जबाबदार नाही’ हे वाक्य खोडून शेजारी छोटी सही करा आणि खाली लिहा: ‘माझे कायदेशीर हक्क अबाधित ठेवून.’ फॉर्म ऑनलाइन असेल तर टिक करण्याआधी हेच ईमेलने कळवा. ‘अशा अटी कोर्टात टिकत नाहीत’ असं कुणी सांगितलं तर विसंबू नका. कुरिअरच्या एका प्रकरणात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सही केलेली मर्यादित जबाबदारीची अट ग्राहकावर बंधनकारक धरली होती.

जहाजावर काही चुकलं तर काय, हेही स्पष्ट सांगते. आजारपणाची भरपाई मिळवणं अवघड आहे. सिलिॲक ही ॲलर्जी नव्हे. एका चुकीच्या घासाने टीटीजी वाढेलच असं नाही, आणि उलटी-जुलाब जहाज लागल्यामुळे झाले असं समोरचा म्हणू शकतो. कबूल केलेली सेवा दिली नाही, हे सिद्ध करणं त्यामानाने सोपं आहे. म्हणून रोज ताटाचा फोटो, कुणाशी काय बोललात ते त्याच दिवशी ईमेलवर, आणि जहाजाच्या दवाखान्यात गेलात तर केसपेपरची प्रत उतरण्याआधी. प्रवास विमा घेताना सिलिॲक जाहीर करा. लपवलेला आजार क्लेम नाकारायला पुरेसं कारण ठरतो.

उत्तर आलं नाही किंवा ‘हमी नाही’ एवढंच आलं, तर नोटीस पाठवा, स्पीड पोस्टने आणि ईमेलने. शब्द असे: ‘तुमच्या चुकीच्या आश्वासनामुळे मी हा करार नाकारते, 1,86,000 रुपये 15 दिवसांत परत करा.’ निम्म्या कपातीबद्दल करार कायद्याच्या कलम 74 चा पर्यायी मुद्दाही घाला: करारात रक्कम लिहिली म्हणून ती आपोआप कापता येत नाही. प्रत्यक्ष नुकसान झालेलं असावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमची केबिन पुन्हा विकली गेली का, ते नोटिशीतच विचारा. लवकर नोटीस गेली तर त्यांना केबिन विकायला वेळ मिळतो आणि नुकसानीचा दावा कमकुवत होतो. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेतही वाद नोंदवा.

त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. पुष्कळदा इथेच तडजोड निघते. नाहीच निघाली तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. अटींमध्ये ‘फक्त मुंबई न्यायालय’ लिहिलंय म्हणून घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 34 प्रमाणे तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. मांडणी ‘सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा’ अशी ठेवा. ‘अनुचित करार’ हा मुख्य मुद्दा केलात तर प्रकरण राज्य आयोगाकडे जातं आणि उगाच एक वर्ष जास्त मोडतं. मुदत दोन वर्षांची आहे. पण केबिन पुन्हा विकली गेली की नाही हा तपशील ताजा असतानाच मागवा.