वाचकांचे प्रश्न : गावचा संघ सोडून दुसऱ्याचा झेंडा

घराजवळचा संघ सोडून त्याच्या प्रतिस्पर्ध्याला पाठिंबा देणारे फुटबॉलचे चाहते असं का करतात, यावर बरीच पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न निवडून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझा भाचा इटलीत तुरिनला शिकतो. तो म्हणतो, मूळ तुरिनकरांमध्ये तोरिनोचे चाहते पुष्कळ, आणि तुरिनच्याच दुसऱ्या संघाचा, युव्हेंटसचा, जोर मात्र हजार किलोमीटरवरच्या दक्षिणेतल्या सिसिली-कालाब्रियात. त्याचे घरमालक आजोबा सिसिलीचे आणि युव्हेंटसचे कट्टर चाहते. ते आपल्या सिसिलीतल्या पालेर्मो किंवा कातानिया या संघांच्या मागे का नाहीत? — वाचक, नाशिक

उत्तर : भाच्याचं निरीक्षण ढोबळमानाने बरोबर आहे, पण तुरिन शहरातही युव्हेंटसवाले भरपूर आहेत, हे लक्षात ठेवा. यामागे दुसऱ्या महायुद्धानंतरचं स्थलांतर आहे. तुरिनमध्ये फियाटचे मोटारींचे कारखाने होते आणि त्यांना माणसं हवी होती. १९५१ मध्ये सुमारे ७ लाख २० हजार असलेली तुरिनची लोकसंख्या १९७१ पर्यंत ११ लाख ६० हजारांच्या पुढे गेली. आलेल्यांत दक्षिणेचे लोक फार मोठ्या संख्येने होते. सिसिलीहून निघालेली रात्रभराची गाडी त्यांना सकाळी थंडीत तुरिनच्या फलाटावर उतरवायची. भाड्याच्या घरांवर ‘दक्षिणेच्या लोकांना जागा मिळणार नाही’ अशा पाट्या असायच्या.

अशा माणसाला शहरात दोन संघ दिसत होते. तोरिनो हा जुन्या तुरिनकरांच्या काळजातला संघ. १९४० च्या दशकात त्याने लागोपाठ पाच विजेतेपदं मिळवली. १९४७ मध्ये हंगेरीविरुद्ध उतरलेल्या इटलीच्या अकरा खेळाडूंपैकी दहा एकट्या तोरिनोचे होते. ४ मे १९४९ रोजी लिस्बनहून परतणारं त्यांचं विमान सुपेर्गा टेकडीवरच्या चर्चच्या मागच्या बाजूला आदळलं आणि ३१ जण गेले. हंगामाचे उरलेले चार सामने तोरिनोची कुमार मुलं खेळली आणि समोरच्या संघांनीही आपली कुमार मुलंच उतरवली. ज्या घरांनी ते दुःख सोसलं, त्या घरांत तोरिनो पिढ्यान् पिढ्या राहिला. पण १९५५ किंवा १९६० मध्ये आलेल्या सिसिलीच्या कामगाराने तो संघ कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या वाट्याला १९५९ मध्ये खालच्या श्रेणीत घसरलेला तोरिनो आला. शेजारी बोनिपेर्ती, सिवोरी आणि चार्ल्स या खेळाडूंचा युव्हेंटस १९५८, १९६० आणि १९६१ ला विजेता ठरत होता.

युव्हेंटस हा मालकांचा संघ होता. फियाटच्या अन्येल्ली घराण्याकडे तो १९२३ पासून आहे. म्हणून काही कामगार मुद्दाम तोरिनोकडे गेले, हेही खरं. पण आमच्या मते निकाल लागला तो १९६८ मध्ये. युव्हेंटसने कातानियात जन्मलेला वीस वर्षांचा पिएत्रो अनास्तासी ६५ कोटी लिरांना घेतला. तेव्हा जगातली ती सर्वांत मोठी रक्कम होती. पुढे पालेर्मोत जन्मलेला फुरिनो, लेच्चेचा काउझिओ, सार्डिनियाचा कुक्कुरेद्दू असे दक्षिणेचे आणि बेटांवरचे खेळाडू त्याच संघात जमले. ज्या शहरात खोली भाड्याने मिळत नव्हती, त्याच शहरात आपल्या गावचा मुलगा नऊ नंबरचा शर्ट घालून गोल करतो आणि सगळं मैदान त्याचं नाव घेतं. त्या कामगाराला याहून दुसरं कारण लागत नव्हतं.

आता पालेर्मो-कातानियाबद्दल. हे दोन्ही संघ बहुतेक काळ दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत असायचे, आणि आपसांत त्यांचं हाडवैर. पालेर्मोवाला कातानियाला टाळी देणार नाही, कातानियावाला पालेर्मोला. कारखान्यात एकाच पट्ट्यावर उभं राहणाऱ्या दोघांना एकत्र बसून पाहता येईल असा संघ युव्हेंटसच होता. ऑगस्टमध्ये कारखाने बंद झाले की हीच माणसं काळा-पांढरा स्कार्फ घेऊन गावी जायची आणि भाच्या-पुतण्यांना तो चिकटवून यायची. त्यामुळे आज सिसिलीतल्या मैदानावर युव्हेंटस पाहुणा म्हणून आला की यजमानांच्या रांगांतही त्याचे चाहते सापडतात. नापोली (नेपल्स) मात्र याला मोठा अपवाद आहे. तिथे शहराचा स्वतःचा एकच मोठा संघ आहे आणि माराडोनाच्या काळात १९८७ व १९९० मध्ये तो विजेता झाला, त्यामुळे युव्हेंटसचा द्वेष तिथे सर्वांत कडवा.

प्रश्न : लिव्हरपूलचे कितीतरी नामवंत खेळाडू लहानपणी एव्हर्टनचे चाहते होते, असं वाचलं. एकाच शहरात, कधी एकाच घरात दोन संघ कसे? — वाचक, ठाणे

उत्तर : कारण तिथे हद्द आखलेलीच नाही. एव्हर्टन आधी ॲनफिल्ड या मैदानावर खेळायचा. जागेच्या भाड्यावरून मैदानाचे मालक जॉन होल्डिंग यांच्याशी वाद झाला, १८९२ मध्ये संघ स्टॅनली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कला गेला, आणि रिकाम्या मैदानासाठी होल्डिंग यांनी लिव्हरपूल हा नवा संघ उभा केला. दोन्ही मैदानांत चालत जाण्याएवढंच अंतर. २०२५ मध्ये एव्हर्टन नदीकाठच्या नव्या मैदानावर गेला, तोवर शतकाहून अधिक काळ हे असंच चाललं. धर्म, वस्ती किंवा वर्ग यांवरून दोघांचे चाहते सरळ वेगळे करता येत नाहीत. मग संघ ठरतो तो घरातल्या माणसावरून आणि लहानपणी कोण जिंकत होतं त्यावरून.

लिव्हरपूलकडून गाजलेले जेमी कॅरागर आणि रॉबी फाउलर घ्या. कॅरागरचा जन्म १९७८ चा, फाउलरचा १९७५ चा. एव्हर्टनने १९८४ मध्ये एफए कप, १९८५ व १९८७ मध्ये लीग आणि १९८५ मध्येच युरोपातला कपविजेत्यांचा कप जिंकला, तेव्हा ही मुलं शाळेत जाणारी. लिव्हरपूलच्याच मायकल ओवेनचे वडील टेरी ओवेन तर स्वतः एव्हर्टनकडून खेळलेले. पुढे लिव्हरपूलच्या प्रशिक्षकांनी या मुलांना आधी हेरलं आणि ती लिव्हरपूलकडून खेळली. चाहत्याचा संघ आणि नोकरीचा संघ वेगळा असणं त्या शहरात कुणाला खटकत नाही.

प्रश्न : शेवटी हे सगळं जिंकणाऱ्याच्या मागे धावणंच नाही का? — वाचक, संभाजीनगर

उत्तर : काही प्रमाणात आहेच. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह अमेरिकेतल्या विद्यापीठांत केलेली पाहणी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. विद्यापीठाचा संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त दिसायचे; आणि निकालाविषयी बोलताना विद्यार्थी विजयानंतर ‘आपण जिंकलो’ म्हणायचे, पराभवानंतर ‘ते हरले’. पण असा चाहता ओळखायचा असेल तर संघ पडल्यावर पाहा. १९९८ मध्ये मँचेस्टर सिटी तिसऱ्या श्रेणीत घसरला, शेजारचा युनायटेड पुढच्याच हंगामात तीन मोठे करंडक जिंकत होता, आणि तरीही सिटीच्या घरच्या सामन्यांना सरासरी २८ हजारांच्या आसपास लोक येत होते. विजयाने चाहता येतो, हे मान्य. तो टिकतो तो कुणाबरोबर सामना पाहतो त्यावर, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : आमचा मुलगा पुण्यात वाढला आणि बंगळुरूच्या संघाचा चाहता झाला. महाराष्ट्रातला संघ त्याला का नको? — वाचक, कोथरूड

उत्तर : त्याला दोष देऊ नका. त्याने पुण्याचा संघ धरला असता तर तो चार वेळा हातातून गेला असता. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये (तेव्हाची देशातली अव्वल लीग) उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये त्याचा वरिष्ठ संघ बंद झाला. भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीगमध्ये खेळून गेला. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ बालेवाडीत खेळला. नारिंगी शर्ट घालणारे चाहते जमले, गाणी बसली, आणि २०१९ मध्ये संघ गुंडाळला जाऊन त्याची इंडियन सुपर लीगमधली जागा हैदराबादला गेली. मुंबईतही महिंद्रा युनायटेडसारखा, आय-लीगच्या आधीच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता संघ २०१० मध्ये बंद झाला.

चाहता तयार व्हायला एकाच मैदानावर, एकाच रंगात सलग काही वर्षं जावी लागतात. मालकाने तोट्याचा हिशेब करून मधेच संघ मोडला की दहा-बारा वर्षांचा मुलगा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत नाही, तो टीव्हीवर दर आठवड्याला दिसणाऱ्या संघाकडे जातो. जवळचं काही दाखवायचं असेल तर त्याला पुणे जिल्हा लीगच्या सामन्यांना न्या. तिथे खेळाडू ओळखीचे होतात.

प्रश्न : कोल्हापुरात मी राहतो एका पेठेत आणि संघ मात्र दुसऱ्या पेठेतल्या तालमीचा. गल्लीतले टोचून बोलतात. — वाचक, कोल्हापूर

उत्तर : पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावंच तालमीची आहेत. आजोबा ज्या तालमीत घुमले, वडील जिच्या गणपतीत राबले, ती घर बदललं म्हणून सुटत नाही. जुन्या पेठांतून उपनगरांत गेलेली कित्येक घरं शाहू स्टेडियमवर अजून जुन्याच तालमीच्या बाजूला बसतात. गल्लीत हे एकदा नीट सांगा. कोल्हापूरकराला हे कारण पटतं. फक्त अटीतटीच्या सामन्यानंतर दोन दिवस चौकात विषय काढू नका.

प्रश्न : मँचेस्टरला राहणारे माझे दीर आम्हाला ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेड-लिव्हरपूल सामन्याची तिकिटं मिळवून देतो म्हणतात, पण जागा युनायटेडवाल्यांत. मी आणि दहा वर्षांचा मुलगा लिव्हरपूलचे. जावं का? — वाचक, डोंबिवली

उत्तर : जाता येईल, पण मुलाशी आधी स्पष्ट बोला. यजमानांच्या भागात पाहुण्या संघाचे रंग घालणाऱ्याला किंवा त्यांच्या गोलवर आनंद करणाऱ्याला मैदानाच्या नियमांनुसार कर्मचारी बाहेर काढू शकतात आणि तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. शिवाय दिरांच्या नावावर ते तिकीट असेल तर त्यांच्या सदस्यत्वावर कारवाई होऊ शकते, ही मोठी जोखीम आहे. दोन्ही संघ लाल शर्टात खेळतात म्हणून कपड्यांत लपून जाऊ, असं समजू नका. छातीवरचं चिन्ह लगेच दिसतं. साधं गडद जाकीट घाला. फोनच्या पडद्यावरचा लिव्हरपूलचा फोटोही काढून टाका. लोकं उठली की खेळ दिसावा म्हणून उठा, पण टाळ्या वाजवू नका. दहा वर्षांच्या मुलाला नव्वद मिनिटं हे जमणार नसेल तर त्याला या सामन्याला नेऊ नका.

पाहुण्यांच्या भागातलं तिकीट मिळालं तर सर्वांत उत्तम, पण ते अवघड. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाला साधारण ३ हजार जागा मिळतात, मैदान लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. त्यांची किंमत २०१६-१७ पासून ३० पौंडांच्या वर जाऊ देत नाहीत, त्यामुळे मागणी प्रचंड असते, आणि आधी बाहेरगावचे सामने पाहिलेल्या सदस्यांना प्राधान्य मिळतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने अशा सामन्याची आशा धरू नये.

तिकीट कुठूनही आलं तरी ते क्लबच्या अधिकृत पद्धतीनेच तुमच्या नावावर करून घ्या. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याने अनधिकृत व्यक्तीने फुटबॉलचं तिकीट विकणं हा गुन्हा आहे, आणि रस्त्यावर किंवा समाजमाध्यमांवर घेतलेलं तिकीट दारावर चालत नाही, हा तर नेहमीचा प्रकार. बहुतेक ठिकाणी तिकीट फोनवर असतं. मैदानाजवळ गर्दीत इंटरनेट मिळत नाही, म्हणून घरूनच ते फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा आणि फोन पूर्ण चार्ज करा. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. मुलाचं तिकीट मुलाच्याच दराचं घ्या आणि त्याची जागा तुमच्या शेजारची आहे ना, हे पैसे भरण्यापूर्वी पाहून घ्या.