40 टक्के चार्ज दाखवत असताना ड्रोन हवेतून अचानक का पडतो?

टक्क्यांवर जाऊ नका, बॅटरी पॅकमधल्या प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघा. लिपोचा (लिथियम-पॉलिमर, ड्रोनमधली नेहमीची बॅटरी) सेल फुल चार्जला 4.2 व्होल्ट असतो आणि पॅकमधले सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकच सेल कमजोर झाला तरी लोड आल्यावर त्याचं व्होल्टेज झपकन खाली येतं, मोटरना ताकद मिळत नाही आणि ड्रोनला काही पंख नसतात तरंगत यायला, दगडासारखा पडतो. सहा मोटरवाला असला तरी तेच.

मागच्या सीझनला आमच्या तासगावकडं द्राक्षबागेत फवारणीचा ड्रोन असाच पडला, टाकी गच्च भरलेली, टेकऑफ घेऊन वर गेला नि संपलं. पॅक काढला तर मधे फुगलेला, बोटानं दाबलं की उशीसारखा लागत होता. बांधावर दोन बायका बसलेल्या, चार हात लांब पडला म्हणून वाचल्या, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. फुगलेला पॅक परत लावूच नका, हात जोडून सांगतो.

थंडीत पाचगणीला वगैरे शूट करत असाल तर गार बॅटरीचा आतला रेझिस्टन्स (विरोध) वाढतो आणि लोडला व्होल्टेज असंच खाली येतं, आधी जॅकेटच्या आत गरम ठेवा, मग मिनिटभर खालीच होवर करून (एका जागी तरंगत ठेवून) वर न्या. आणि आठवडाभर उडवणार नसाल तर फुल चार्ज ठेवू नका, सेलला 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा.