कुरव ओळखायचाय? डोकं बघू नका

अहो कुरव, म्हणजे समुद्रावरचे सीगल, ओळखताना गोंधळ सगळ्यांचाच होतो, मी पहिली दोन वर्षं पक्ष्यांच्या नोंदीत सरसकट "सीगल" लिहून मोकळा व्हायचो. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव, ही नावंच फसवी आहेत. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतात तेव्हा दोघांची डोकी पांढरीच, कानापाशी एक काळपट ठिपका, आणि मार्चच्या सुमारास रंग चढला तरी काळ्या डोक्यावाला चॉकलेटीच दिसतो, घ्या आता!

सध्या दोनच गोष्टी बघा:

- उडताना पंखाचं टोक. काळंभोर आणि त्यात पांढरे ठिपके असले की तपकिरी. काळ्या डोक्यावाल्याला पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरा पट्टा असतो, काळं नुसतं टोकाच्या किनारीला.
- डोळा. तपकिरीचं बुबुळ फिकट, जरा खुनशीच वाटतो. दुसऱ्याचा डोळा काळा, गरीब चेहरा.

नुसत्या आकारावरून ठरवायला जाऊ नका, एकटा पक्षी असला की हमखास फसता. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी दिसली तर ते पहिल्या वर्षाचं पिल्लू, त्याचा डोळाही गडद असू शकतो, या सीझनला सोडून द्या.

गेटवेहून मांडव्याची लाँच पकडा, हातभर अंतरावर उडतात. फक्त कुरकुरे टाकू नका हो त्यांना.